पाणी उतरल्यावर

उसाचा हंगाम लागला की बारामती-इंदापूर रस्त्याकडेच्या घरांत झोप ट्रॅक्टरवाल्याच्या मर्जीने येते. भवानीनगरच्या नाहीतर माळेगावच्या कारखान्याकडे दोन ट्रॉल्या ओढत निघालेला ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. आधी येतो ठेका, मग गाणं, सगळ्यात शेवटी इंजिन. गाणं भीमगीत असेल, गवळण असेल, खंडोबाचं असेल, नाहीतर नव्या सिनेमातलं. खालचा ठेका मात्र सगळ्यांचा एकाच घरातला. तो ढोलकीवर वाजलेला नसतो. कुणीतरी एका खोलीत बसून कीबोर्डवर, पॅडवर, नाहीतर नुसता संगणकात ठोके मांडून तो बनवलेला असतो. चालकाचा डोळा लागू नये एवढंच त्याचं काम, आणि ते तो चोख करतो.

हे आधीच सांगतो, कारण या पुस्तिकेचा विषय ऐकून बऱ्याच जणांनी मला विचारलं की इंदापूर-बारामतीच्या माणसांचा आणि सिंथेसायझरच्या तबकडीचा संबंध काय. माझ्या मते महाराष्ट्रात ज्यांचा कान या आवाजाला सर्वांत जास्त सरावला आहे, त्यांत आमचा भाग वरच्या नंबरात बसेल. शहरात हे संगीत ऐकायला लोक तिकीट काढून जातात. आमच्याकडे ते ऊस घेऊन दाराशी येतं.

पुस्तिकेत दहा टिपणं आहेत, दहा रागांवर दहा. लिहिणारे चौघे: बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवणारा एक तरुण, कीर्तनाला पेटीची साथ करणारे एक निवृत्त शिक्षक, लग्नांना साउंड भाड्याने देणारा एक जण आणि संगणक शिकणारी एक मुलगी. चौघांनी मिळून एकच तबकडी वर्षभर ऐकली, एका बैठकीला एकच राग. बैठका कधी बारामतीत झाल्या, कधी इंदापुरात, आणि पावसाळ्यात एकदा साउंडच्या गोदामात ताडपत्रीखाली. मी त्यांतल्या सहा बैठकांना होतो, म्हणून प्रस्तावना माझ्या गळ्यात पडली.

तबकडीचं पूर्ण नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वादक चरणजीत सिंग. ध्वनिमुद्रण १९८२ सालचं, मुंबईतलं. काढली आपल्या घराघरांत कुत्र्याच्या चित्रामुळे ओळखल्या जाणाऱ्या एच.एम.व्ही.ने. ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे एकेक राग, प्रत्येकाला पाचेक मिनिटं. तबला नाही, तानपुरा नाही, सतार-सारंगी काही नाही. तीन विजेची यंत्रं आणि एक माणूस.

माणूस

चरणजीत सिंग हे नाव तेव्हा तबकड्यांच्या पाकिटांवर क्वचितच मोठ्या अक्षरांत यायचं, पण त्यांचं वाजवणं ऐकलेलं नाही असा माणूस या देशात शोधावा लागेल. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ज्यांना 'म्युझिशियन' एवढंच म्हटलं जातं, त्या जमातीतले ते. बास गिटार, हवाईयन पद्धतीची गिटार, ट्रान्झिकॉर्ड हे विजेवर चालणारं अकॉर्डियनच्या जातीचं वाद्य, आणि पुढे सिंथेसायझर. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत ते वाजवत. सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या वाद्यावर वाजवलेल्या तबकड्याही त्यांच्या नावावर निघाल्या होत्या. शिवाय स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. तो लग्नांत वाजायचा.

ही शेवटची गोष्ट मला आमच्या कीबोर्डवाल्यामुळे कळली, आणि तीही उलट्या बाजूने. पहिल्याच बैठकीत, चरणजीत सिंग कोण हे त्याला कुणी सांगायच्या आधी, एकच राग ऐकून तो म्हणाला, "सर, ह्यो माणूस वरातीत वाजवलेला हाय." कशावरून, विचारलं. म्हणाला, "सूर कुठंबी जाऊ द्या, ठेका सोडंना. ठेका तुटला की वरात थांबती. ज्याची वरात कधी थांबलीय, त्यालाच हे कळतंय." मी घरी येऊन चरणजीत सिंगांबद्दल वाचलं आणि लग्नातल्या ऑर्केस्ट्राचा उल्लेख सापडल्यावर त्याला रात्री साडेनऊला फोन केला. तो वरातीतच होता. फोन उचलला नाही.

यंत्रं

तिन्ही यंत्रं जपानच्या रोलँड कंपनीची. ही कंपनी १९७२ साली ओसाकात इकुतारो काकेहाशी यांनी सुरू केली. आपल्याकडच्या प्रत्येक बँजो पार्टीत आज जो ऑक्टोपॅड असतो, त्याचा पहिला अवतार याच कंपनीने १९८५ साली काढला, हे कळल्यावर साउंडवाल्याला फार आनंद झाला. म्हणजे आमच्या वरातीचा आणि या तबकडीचा कारखाना एकच.

पहिलं यंत्र टी.आर.-८०८, १९८० साली बाजारात आलेलं. ते ढोल, टाळी, घंटी असे ठोके स्वतः निर्माण करतं. खऱ्या ढोलाचा आवाज त्यात साठवलेला नाही. विजेच्या मंडलातून तो जन्मतो, आणि म्हणून खऱ्या ढोलासारखा वाटतही नाही. दुसरं टी.बी.-३०३, १९८१ सालचं, तादाओ किकुमोतो यांनी रचलेलं. घरी एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्याला बास वाजवणारा सोबती मिळावा म्हणून ते केलेलं. त्या कामाला ते फारसं उपयोगी पडलं नाही. सुमारे दहा हजार नग करून १९८४ साली कंपनीने ते बंद केलं. तिसरं ज्युपिटर-८, एका वेळी आठ स्वर काढणारा मोठा कीबोर्ड. या तिघांत सर्वांत महागडा आणि सर्वांत रुबाबदार.

चरणजीत सिंगांनी ही यंत्रं बाहेरून आणली आणि घरी ती एकमेकांना जोडून रियाज केला. जोडली म्हणजे एकाच्या घड्याळावर दुसऱ्याचं घड्याळ लावलं, म्हणजे ठोका आणि बास एका श्वासात चालतात. त्यांचा विचार साधा होता, आणि तो त्यांनी पुढे मुलाखतीतही सांगितला: सिनेमात सगळीकडे डिस्को चाललंय, तर त्या डिस्कोच्याच ठेक्यावर राग वाजवून बघू, आणि तबला काढून टाकू.

ही 'सगळीकडे डिस्को' म्हणजे काय हवा होती, ते आज चाळिशीच्या आतल्यांना सांगावं लागतं. १९८० साली 'कुर्बानी'त नाझिया हसन गायली, बिद्दूने तिच्याकडून १९८१ साली 'डिस्को दीवाने' हा संपूर्ण अल्बम करून घेतला, आणि १९८२च्या डिसेंबरात 'डिस्को डान्सर' लागला. पलीकडे जर्मनीत क्राफ्टवेर्कची मंडळी दहा वर्षं यंत्रांशी बोलत होती. इंग्लंडमध्ये १९८१ साली ह्यूमन लीगच्या 'डेअर'ने सिंथेसायझरचं गाणं घराघरांत नेलं. त्यालाच पुढे सिंथ-पॉप म्हणू लागले. आपली तबकडी त्या खणात घालतात खरी, पण ती नीट बसत नाही. तिच्यात गाणं नाही, प्रेम नाही, विरह नाही. एका ठिकाणी यंत्रातून गाळून काढलेला 'ओम नमः शिवाय' तेवढा ऐकू येतो. बाकी शब्दांचा उपवास. ज्या कऱ्हेकाठी श्रीधरस्वामींनी 'शिवलीलामृत' लिहिलं, तिथल्या बैठकीत तो मंत्र यंत्राच्या तोंडून ऐकताना पेटीवाल्या गुरुजींनी नकळत हात जोडले. मग हसले आणि म्हणाले, "याच्याही घशात देव आहे म्हणायचा."

खाली नसलेले सोळा

एका बैठकीत संगणकवाल्या मुलीने ३०३ची प्रतिकृती पडद्यावर उघडून दाखवली. या यंत्रावर धून वाजवायची नसते, भरायची असते. तीही दोन खेपांत. आधी नुसते स्वर एकामागून एक द्यायचे, त्यांना काळच नाही. मग दुसऱ्या खेपेला नुसता काळ द्यायचा: इथे ठोका, इथे लांबव, इथे गप्प. घरं जास्तीत जास्त सोळा. सुरू केलं की यंत्र ती सोळा घरं फिरतं, परत पहिल्यावर येतं, परत फिरतं. थांबवेपर्यंत.

सोळा म्हटल्यावर गुरुजींची मान वर झाली. त्रितालाच्या मात्रा सोळाच. त्यांनी मांडीवर हाताने ताल धरला: पहिलीला सम, पाचवीला टाळी, नववीला खाली, तेरावीला टाळी. मुलीने यंत्रावर डिस्कोचा ठोका लावला: पहिली, पाचवी, नववी, तेरावी. चारही ठिकाणी सारखाच दणका. दोन-तीन आवर्तनं झाली आणि गुरुजी मध्येच थांबले. म्हणाले, "नवव्या मात्रेला मी हात उलटा करतो, आणि तुझं यंत्र तिथंच सगळ्यात जोरात मारतंय."

या संगीताबद्दल मी जे काही वाचलं आहे, त्यात इतकं नेमकं वाक्य मला कुठे भेटलं नाही. आपल्या तालात खाली ही जागा भरलेली नसून राखलेली असते. ती आहे म्हणून सम कळते. डिस्कोला खाली नाही, म्हणून त्याला सम शोधावी लागत नाही. प्रत्येक ठोका समच. शास्त्रीय संगीताचा कान या तबकडीने अस्वस्थ होतो तो 'यंत्र आहे' म्हणून नव्हे. राखीव जागेवर कुणीतरी येऊन बसलं, म्हणून.

पण गुरुजींनी दुसऱ्या दिवशी स्वतःच त्याला जोड दिली. तुकोबांची पालखी बारामतीवरून काटेवाडी, मग बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. जन्मभर त्यांनी ती पाहिली आहे, कित्येक वर्षं दिंडीबरोबर चाललेही आहेत. म्हणाले, "पखवाजवाला काहीही वाजवो, चालणाऱ्याच्या पायाला खाली नसते. डावा, उजवा, डावा, उजवा. पाय उलटा करून कसा टाकणार?" टाळी-खालीचा ताल बसलेल्या माणसाच्या तळहाताचा, आणि हा चालत्या माणसाच्या तळपायाचा. चरणजीत सिंगांनी राग गादीवरून उठवून पायांवर उभा केला. हे वाक्य गुरुजींच्या टिपणात पान क्रमांक अकरावर आहे. मी ते चोरून इथे आधीच दिलं, त्याबद्दल त्यांची माफी मागतो.

म नसलेलं रामायण

मग हे टिकलं कसं? ठेका तर तेव्हाच्या शेकडो गाण्यांत होता. ती आज ऐकवत नाहीत, त्यांच्यावर त्या सालचा शिक्का आहे. हीच तबकडी का जुनी होत नाही?

याचं उत्तर मला आमच्याच गावात मिळालं, आणि ते अडीचशे वर्षं जुनं आहे. कविवर्य मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्याला जन्मले, पण त्यांचं आयुष्य गेलं बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. १७९४ साली ते इथेच गेले. शाळेत आपण त्यांना आर्येमुळे ओळखतो. बारा आणि अठरा मात्रांच्या चरणांत त्यांनी अख्खं महाभारत मोजून बसवलं. मात्रा मोजणारं त्यांचं डोकं कुठल्याही यंत्राला हार जाणारं नव्हतं. पण आमच्या विषयाला उपयोगी पडतं ते त्यांचं दुसरं काम. त्यांच्या नावावर अष्टोत्तरशत रामायणं सांगितली जातात, आणि त्यांतलं प्रत्येक काहीतरी अट घालून घेऊन लिहिलेलं. त्यात एक 'निरोष्ठ रामायण' आहे. ओठाला ओठ लागेल असं अक्षर वर्ज्य. प नाही, फ नाही, ब नाही, भ नाही, म नाही. म नाही म्हणजे 'राम' हा शब्दच नाही. रामाचं नाव न घेता रामाची गोष्ट सांगायची. पोरखेळ वाटावा असा हा प्रकार. पण वाचताना लक्षात येतं की नाव घेता येत नाही म्हणूनच कवीला राम प्रत्येक ओळीत नव्याने शोधावा लागतो.

राग दुसरं काय करतो? मालकंसात रिषभ नाही, पंचम नाही. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत. या तबकडीतले निम्मे राग पाच स्वरांचेच आहेत: भूप, मेघ, कलावती, मालकंस, बैरागी. चरणजीत सिंगांनी ते मुद्दाम निवडले की हाताला सहज आले, कोण जाणे, पण निवड अचूक आहे. कारण डिस्कोच्या गाण्यात बास एका स्वरसंघातून दुसऱ्यात उड्या मारत असतो, कानाला सारखं कुठेतरी नेत असतो. इथे बास कुठेच जात नाही. रागाचे तेच मोजके स्वर घेऊन तो षड्जाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरतो, आणि फिरता फिरता तानपुऱ्याचं काम करून जातो. वर ज्युपिटरवर उजवा हात मोकळा. यंत्राची अट, सोळाच घरं. रागाची अट, पाचच स्वर. दोन्ही अटी एकाच माणसाने पाळल्या आणि एकीसाठी दुसरी सैल केली नाही. बाकीच्या डिस्को गाण्यांनी यंत्र मिठासारखं वापरलं, वरून भुरभुरलं. इथे ते पिठात मळलेलं आहे. मिठाची चव जिभेवरून जाते. मळलेल्या पिठाची भाकरी होते.

कीबोर्डवाल्याने यावर आणखी एक गोष्ट दाखवली, ती हाताने दाखवायचीच होती. ३०३वर एका घरातून पुढच्या घरात स्वर घसरत नेण्याची सोय आहे. मींडेसारखी. पण ती घसरण नेहमी तेवढ्याच वेळात होते, स्वर जवळचा असो की लांबचा. त्याने स्वतःच्या कीबोर्डवर आधी तशी घसरण वाजवली, मग कीबोर्डच्या डाव्या बाजूची दांडी अंगठ्याने हळूहळू ढकलत तोच स्वर नेला. पहिली घसरण पाळण्याच्या झोक्यासारखी, दुसरी उतारावरून सायकल सोडल्यासारखी. "पयल्यात यंत्र नेतंय, दुसऱ्यात मी नेतोय," म्हणाला. तबकडीत दोन्ही ऐकू येतात, खाली यंत्राची आणि वर माणसाची, आणि त्यांची वेळ कधी जुळते, कधी चुकते. त्या चुकण्यातच सगळा जीव आहे.

बुडणं आणि दिसणं

तबकडी चालली नाही. रागदारीवाल्यांना ती डिस्को वाटली आणि डिस्कोवाल्यांना रागदारी. शब्द नसल्यामुळे रेडिओवर फर्माईश कशाची करणार? ती विस्मरणात गेली आणि वादक पुन्हा आपल्या कामाला लागला.

२००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत जुन्या तबकड्यांत सापडली. त्याने वादकाचा माग काढला, आणि २०१० साली आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या छोट्या कंपनीतर्फे ती पुन्हा काढली. ऐकणारे चक्रावले. कारण दरम्यान अमेरिकेत एक गोष्ट घडली होती. बंद पडलेलं ३०३ जुन्या बाजारात मातीमोल झालं, शिकागोच्या तरुणांनी ते उचललं, त्याची बटणं नको तशी पिळली, आणि १९८७ साली फ्यूचर या गटाच्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'मधून ज्याला 'अ‍ॅसिड हाउस' म्हणतात तो नाचाच्या संगीताचा प्रवाह बाहेर पडला. आता त्याच यंत्राचा तोच चिरका, वळवळता आवाज पाच वर्षं आधीच्या भारतीय तबकडीवर! काहींना ती बनावट वाटली, कुणीतरी आताच्या माणसाने जुन्याचं सोंग आणलंय असं. ती खरी निघाली. सत्तरीच्या घरातले चरणजीत सिंग युरोपातल्या रंगमंचांवर, त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या गर्दीपुढे राग वाजवू लागले. २०१५च्या जुलैत मुंबईत त्यांचं निधन झालं.

इथे मला या पुस्तिकेच्या लेखकांशी थोडं भांडायचं आहे. टिपणांमध्ये दोन ठिकाणी 'अ‍ॅसिड हाउसचा पूर्वज' असा शब्द आला आहे. तो काढा असं मी सुचवलं. मुलगी ऐकली नाही, म्हणून इथे लिहितो. पूर्वज म्हणायला वंश लागतो. शिकागोच्या पोरांनी मुंबईची ही तबकडी ऐकून काही केलं नाही. एकच हत्यार दोन लांबच्या गावांत पोहोचलं आणि दोघांनी आपापल्या गरजेने ते चालवलं, एवढंच. भारतात विजेच्या वाद्याचा पहिला प्रयोगही हा नव्हे. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला होता आणि त्यावर काम झालं होतं. आपल्याला 'पहिला' म्हणवून घेण्याची फार हौस असते. पहिलेपणाचं कौतुक तारीख बदलली की संपतं. या तबकडीला त्या प्रमाणपत्राची गरज नाही.

मला या साऱ्याला पळसदेवची आठवण जोडावीशी वाटते. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. इंदापूर तालुक्यातली कितीतरी गावं भीमेच्या फुगवट्यात गेली, आणि पळसदेवचं पळसनाथाचं प्राचीन देऊळ पाण्यात उभं राहिलं. चांगला पाऊस झालेल्या वर्षी शिखराच्या टोकापलीकडे काही दिसत नाही. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी हटतं आणि अख्खं देऊळ उघडं पडतं. मग वर्तमानपत्रात मथळा येतो: देऊळ वर आलं. लोक होड्यांतून, चिखलातून बघायला जातात. मीही गेलो आहे. खांबांवर शेवाळ वाळून पापडासारखं सुटत होतं, आणि आमच्याबरोबरचा मच्छीमार हसून म्हणाला, "देऊळ कुठं वर येतंय? ते हाय तिथंच हाय. पाणी उतरतंय."

तबकडीही हलली नव्हती. १९८२ साली ती जिथे होती तिथेच २०१०मध्येही होती, एक स्वर इकडचा तिकडे नाही. मधल्या अठ्ठावीस वर्षांत पाणी उतरलं. कानांना यंत्राच्या ठेक्याची सवय झाली. शब्दांशिवाय तासभर ऐकणं लोकांना जमू लागलं. राग आणि नाच ही दोन वेगळी खाती आहेत हा हिशेब ढिला झाला. एडो बाउमनने तबकडी वर काढली असं आपण म्हणतो, पण त्याने केलं ते मच्छीमाराचं काम: योग्य वेळी होडी घातली.

दोष

प्रस्तावना म्हणजे स्तुती नव्हे, म्हणून दोषही सांगतो. दहाही राग एकाच चालीने चालतात. सकाळचा तोडी आणि संध्याकाळचा यमन एकाच गाडीत बसून एकाच वेगाने निघतात. यमनाला जी ऐस पाहिजे, ती पाच मिनिटांत आणि या घाईत मिळत नाही. किशोरीताई आमोणकरांचा भूप किंवा प्रभाताई अत्रे यांचा कलावती ज्यांच्या कानात घर करून बसला आहे, त्यांना इथला भूप आणि कलावती रेखाचित्रं वाटतील. रेखाचित्रंच आहेत ती. रंग मागायला जाल तर रिकाम्या हाताने याल. सलग दहाही ऐकू नका. आमच्या मंडळींनी एका बैठकीला एक असं ऐकलं ते आळसाने, पण तीच बरोबर पद्धत ठरली.

राहिला यंत्रावर राग वाजवावा का हा वाद. तो आपण एकदा लढून चुकलो आहोत. पेटीचे स्वर ठोकून बसवलेले, तिच्यातून मींड निघत नाही, ती परकी, म्हणून १९४० साली आकाशवाणीवर तिला बंदी आली, आणि पुढे तीस वर्षं ती टिकली. त्याच काळात महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्या पेटीचं नाव निघालं की माणसं कान टवकारत, आणि एकाही गावचं कीर्तन पेटीवाचून होत नव्हतं. पेटीला जे शक्य नाही ते तिने केलं नाही, आणि जे शक्य आहे ते इतकं केलं की आज ती आपल्याला जन्मापासूनची वाटते. गुरुजी ही गोष्ट सांगताना स्वतःच्या पेटीच्या भात्यावरून हात फिरवत होते. सिंथेसायझरविरुद्ध त्यांच्या मनात जे काही होतं, ते त्या हाताने बहुधा पुसलं.

वाचण्याआधी

टिपणं वाचण्याआधी तो तो राग ऐकावा, एवढीच विनंती. टिपणांची भाषा चौघांची चार आहे. आम्ही ती एका साच्यात घातलेली नाही. साउंडवाल्याने बैरागीवर लिहिलेल्या पानात रागाबद्दल तीन ओळी आहेत आणि बासाने गोदामाचा पत्रा कुठे थरथरला याबद्दल दीड पान. ते दीड पान जपून वाचा. राग अंगाला कुठे लागतो याची ती खरी नोंद आहे.

शेवटची बैठक झाल्यावर कीबोर्डवाल्याने एक खोडी काढली. गेल्या लग्नसराईत इंदापूरजवळच्या एका वरातीत त्याला मालकंस वाजवायचा होता. पण मालकंस उत्तररात्रीचा, आणि साउंड दहाला बंद करावा लागतो. मग त्याने भूप धरला. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, म्हणजे वेळेत बसणारा. एका गाजलेल्या गाण्याच्या आणि दुसऱ्या गाजलेल्या गाण्याच्या मध्ये, खाली पॅडचा ठेका तसाच ठेवून, त्याने पाच स्वरांत दोन मिनिटं फिरून घेतलं. पार्टीच्या मालकाने डोळे वटारले. नाचणाऱ्या पोरांपैकी एकाने मान वर करून, हे कुठलं गाणं, अशा नजरेने बघितलं.

वरात थांबली नाही.

— बारामती